युनिक्सवरील ई-टपाल आणि रॅपर स्क्रिप्ट : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांचा आणि मोठ्या आज्ञावलींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. दोन आज्ञावलींमधील विसंगती मिटविणाऱ्या चार ओळींच्या शेल स्क्रिप्टची दखल त्यात क्वचितच घेतली जाते. केवळ अक्षरांवर चालणाऱ्या ई-टपालाच्या संदर्भात या साधनाचे कार्य आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

टर्मिनल आणि त्याचे नाव

१९७० च्या दशकात अनेक कंपन्या टर्मिनल बनवीत असत. पडदा पुसणे, कर्सर हलविणे यांसाठी प्रत्येकाचे संकेत निराळे होते. १९७८ च्या व्हीटी-१०० ने एक मानदंड निर्माण केला, तरी ही विविधता संपली नाही. त्याच सुमारास बर्कले येथे बिल जॉय यांनी ‘टर्मकॅप’ ही टर्मिनलांच्या गुणधर्मांची सूची सिद्ध केली. पुढे सिस्टिम फाइव्हमध्ये तिची जागा ‘टर्मइन्फो’ने घेतली. प्रत्येक आज्ञावलीला सुरू होताना काही मूल्यांचा परिवेश मिळतो. त्यातील ‘टर्म’ हे नाव वाचून आज्ञावली सूचीतील नोंद शोधते आणि तिच्यानुसार संकेत पाठविते.

या व्यवस्थेत नाव हा केवळ दावा असतो. त्याची पडताळणी सहसा होत नाही. पडदा रंगीत असूनही ‘एक्सटर्म’ या नावाच्या नोंदीत रंगांचा उल्लेख नसेल, तर पत्रे एकरंगीच दिसत. नाव चुकले, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत.

स्क्रिप्टचे कार्य

एल्म (१९८६) आणि वॉशिंग्टन विद्यापीठातील पाइन यांच्यानंतर १९९५ मध्ये मायकेल एल्किन्स यांनी ‘मट’ हा टपाल-कार्यक्रम तयार केला. विषय, उद्धृत मजकूर, नवी पत्रे यांना वेगवेगळे रंग देण्याची सोय त्यात असल्याने टर्मिनलचे अचूक वर्णन महत्त्वाचे ठरले. तो एस-लँग या ग्रंथालयासह बांधलेला असल्यास, पडद्याचे मूळ रंग वापरण्यासाठी ‘कलरएफजीबीजी’ हे आणखी एक मूल्य द्यावे लागे.

ही मूल्ये शेलच्या आरंभ-फाइलीत लिहिली, तर इतर सर्व आज्ञावलींवरही त्यांचा परिणाम होई. रॅपर स्क्रिप्टने ही अडचण टाळली. युनिक्समध्ये परिवेश वरून खाली वारशाने जातो, खालून वर परतत नाही. म्हणून स्क्रिप्टने मूल्ये ठरवावीत, ती पुढे द्यावीत आणि ‘एक्झेक’ या आज्ञेने आपली जागा मटला द्यावी, एवढे पुरेसे होई. मट बंद होताच बदलही संपत असे. स्क्रिप्टला मटचेच नाव दिल्यास मूळ कार्यक्रमाचा पूर्ण मार्ग लिहिणे मात्र आवश्यक असे. अन्यथा स्क्रिप्ट स्वतःलाच पुनःपुन्हा बोलावीत राही.

भारतीय संदर्भ आणि मर्यादा

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. तिच्या शेल खात्यांवर पाइनसारखे कार्यक्रम चालत आणि घरचा संगणक मोडेममार्गे व्हीटी-१०० ची भूमिका वठवीत असे. तेथेही टर्मिनलच्या नावाचाच विश्वास कामी येई.

केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही संकेतपद्धती रचली. तिचा प्रसार झाल्यावर भाषा व अक्षरसंच दर्शविणारी मूल्येही अशाच स्क्रिप्टमधून देता येऊ लागली. तथापि टर्मिनलचा पडदा समान रुंदीच्या चौकटींचा असतो. देवनागरीतील जोडाक्षरे आणि मात्रा त्या चौकटींत सहज बसत नाहीत. मराठी पत्रातील अक्षरे अचूक पोहोचली, तरी त्यांची मांडणी टर्मिनलवरच अवलंबून राहिली.

निष्कर्ष

रॅपर स्क्रिप्टने टपाल-कार्यक्रम बदलला नाही आणि टर्मिनलही बदलले नाही. दोहोंमधील ओळख तेवढी सुधारली. दावा आणि वास्तव यांत अंतर होते, तेथे ती उपयुक्त ठरली. क्षमताच नव्हती, तेथे मात्र ती निरुपाय झाली. मराठी वाचकाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे, कारण लिपीचा प्रश्न नाव बदलून सुटणारा नसून टर्मिनलच्या घडणीतच सोडवावा लागणारा आहे.