धड ना पोर, धड ना बाप्या

इंग्रजीत एक जुनापुराणा शब्द आहे, हॉबलडिहॉय. आता फारसा कुणी वापरत नाही, पण शब्द झकास आहे. पोरपण संपलंय, पुरुषपण अजून आलेलं नाही, हातपाय एकदम लांब झालेत, आवाज फाटलाय आणि घरी पाहुणे आले की कुठे उभं राहायचं ते कळत नाही, असा मुलगा म्हणजे हॉबलडिहॉय. टॉमस टसर नावाच्या शेतकरी कवीने १५७३ साली माणसाच्या आयुष्याचे सात-सात वर्षांचे तुकडे पाडले. त्यातला १४ ते २१ हा तुकडा या महाशयांचा. सल्ला एवढाच, की याला धाकात ठेवा!

शब्दाला खरी माया लावली ती अँथनी ट्रोलप या कादंबरीकाराने. १८६२ ते १८६४ या काळात क्रमशः आलेल्या त्याच्या 'द स्मॉल हाऊस ॲट ॲलिंग्टन'मधला जॉनी ईम्स हा लंडनच्या सरकारी कचेरीतला कारकून. आवडत्या मुलीसमोर त्याची बोलती बंद. ट्रोलप स्वतः १८३४ साली, एकोणिसाव्या वर्षी, पोस्टात कारकून म्हणून चिकटला होता आणि आत्मचरित्रात त्याने तेव्हाच्या स्वतःला हाच शब्द लावलाय. म्हणजे माणूस ऐकीव माहितीवर लिहीत नव्हता.

आता आपल्याकडे या. मिसरूड फुटणं आहे, घोडा झाला तरी अक्कल नाही हे आहे, गद्धेपंचविशी तर आहेच. पण नीट बघा, हे सगळे टोमणे आहेत. त्या वयाच्या मुलाला आतून काय होतं, ते यातला एकही शब्द सांगत नाही. आणि ते प्रसिद्ध संस्कृत सुभाषित? पाच वर्षं लाड, दहा वर्षं धाक, सोळावं लागलं की मुलगा मित्र. पाच अधिक दहा पंधरा, पुढचं सोळावं. मधे एक दिवसही रिकामा नाही! आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही स्टेट डिफाइनच केलेली नाही.

याचं कारण भाषेत नाही, लग्नात आहे असं मला वाटतं. टिळकांचा जन्म १८५६चा, लग्न १८७१चं. पंधराव्या वर्षी नवरा झालेल्या मुलाला अवघडायला सवड कुठली? अवघडत असणारच, पण तसं म्हणायची सोय नव्हती. शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला तेव्हा मुलाचं किमान वय १८ ठरलं, १९७८ साली ते २१ झालं. टसरचा आकडा आपल्या कायद्यात यायला चारशे वर्षं लागली.

दुसरं कारण कॉलेज. यवतमाळ जिल्ह्याचंच बघा (१९०५ पर्यंत त्याचं नाव वणी जिल्हा होतं). लोकनायक बापूजी अणे १८८० साली वणीत जन्मले, पण कॉलेज करायला त्यांना नागपूरचं मॉरिस कॉलेज गाठावं लागलं. ते १८८५ सालचं. अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज निघालं थेट १९२३ साली. म्हणजे शिकायचं तर घर सोडायचं, खोली घ्यायची, खानावळीत जेवायचं. ना बापाचा धाक, ना बायकोचा संसार. ही मधली मोकळी जागा आधी नव्हतीच.

या जागेचं पुस्तक म्हणजे नेमाड्यांची 'कोसला' (१९६३). पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला येतो, होस्टेलात राहतो, बापाचे पैसे उधळतो, नापास होतो, परत जातो. जॉनी ईम्सला निदान पगार होता, पांडुरंगला तोही नाही. आणि त्याचं हसू जिथे संपतं, म्हणजे धाकटी बहीण जाते तिथे, जॉनी फार मागे राहतो. माझ्या मते मराठीत या वयावर याहून खरं काही आलेलं नाही. मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) मला मनापासून आवडते, पण तो मुकुंद नववीतला. त्याला रोज संध्याकाळी घर आहे.

असो. वऱ्हाडीत मात्र एक शब्द आहे, पोट्टा. यवतमाळकडे सहा वर्षांचाही पोट्टा आणि सव्वीस वर्षांचाही पोट्टाच. "काय बे पोट्ट्या" यात टोमणा कमी, जवळीक जास्त. पण हल्ली तो शब्द मला थोडा जड वाटायला लागलाय. बापाची पाच-सहा एकर कोरडवाहू, कपाशीच्या भावाचा भरवसा नाही, पोलीस भरती नाहीतर तलाठ्याची परीक्षा तिसऱ्यांदा द्यायची, अभ्यासिकेत सकाळपासून बसायचं. शेती करणारा नवरा नको, असं मुलीकडचे स्पष्ट सांगतात, आणि त्यांचंही चूक म्हणवत नाही. मुलगा तीस गाठतो. टसरची सात वर्षं याची सोळा झाली, आणि गावात तो अजून पोट्टाच आहे.