पाऊस बदलला, पण आपला गाळ तसाच : बुलढाणा जिल्ह्याच्या पाण्याची चारशे वर्षं

अक्षय्य तृतीया आली की आपल्या जिल्ह्याचे कान भेंडवळकडे लागतात. संध्याकाळी शेतात घट मांडला जातो, भोवती धान्यं ठेवली जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस कसा, पीक कसं, राजा कायम का, याचं भाकीत सांगितलं जातं. अंनिसवाले दरवर्षी आक्षेप घेतात, शेतकरी तरीही जातात. तो वाद आज बाजूला ठेवू. पण पावसाचा अंदाज ऐकायला माणसं पिढ्यान् पिढ्या एका शेतात जमतात, याचा अर्थ इथला पाऊस आपल्या आज्या-पणज्यालाही भरवशाचा वाटत नव्हता.

आता सगळीकडे 'हवामान बदल' हा शब्द ऐकू येतो. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत येतो, बियाण्याच्या जाहिरातीतही येतो. म्हणून थोडा मागचा हिशोब मांडतो. लांबलंय, पण वाचा.

सुरुवात सिंदखेडराजापासून. जिजाऊंचं जन्मस्थान म्हणून १२ जानेवारीला आपण सगळे तिथं जातो. राजवाडा पाहतो, फोटो काढतो, परततो. त्याच गावात मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे, पुतळा बारव आहे. मोती तलाव लखुजीराव जाधवांच्या काळातला. लखुजीरावांची हत्या १६२९ ची, म्हणजे ही बांधणी त्याच्या आधीची. त्यानंतर लगेच १६३०-३२ चा भयंकर दुष्काळ दख्खनवर पडला. पाणी साठवायची अक्कल आपल्याकडं तेव्हाही होती. डोंगरउतारावरचं पाणी अडवायचं, दगडी भिंतीमागं साठवायचं आणि मुरलेलं पाणी बारवेत, विहिरीत घ्यायचं. घाटावरच्या काळ्या पाषाणाच्या जमिनीत फार पाणी मावत नाही. वरचा मुरुम आणि दगडाच्या भेगा एवढीच जागा. म्हणून पाणी वरच अडवावं लागतं, हे त्यांना कळलं होतं.

पुढं इंग्रज आले. वऱ्हाडात कापूस वाढला, रेल्वे आली, खामगावचा बाजार गाजला. तलाव-बारवांकडं मात्र पहिल्यासारखं लक्ष राहिलं नाही. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ आले. १९०१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या भरली ४,२३,६१६. दहा वर्षांत सुमारे १२ टक्के घट. जिल्हा तेव्हा आजच्यापेक्षा लहान होता, खामगाव आणि जळगाव तालुके १९०५ ला जोडले गेले. पण शंभरातली बारा माणसं कमी होणं म्हणजे काय, याचा विचार करा. दुष्काळी कामावर लोकांना काय मिळायचं? खडी फोडायची, रस्ता करायचा.

१९७२ ला पुन्हा तेच. वयस्कर माणसांना विचारा, सुकडी आणि मिलोची लाल ज्वारी अजून आठवते. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. त्यातूनच वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी कायद्यात आली, १९७७ चा तो कायदा. पुढं देशाने २००५ ला तोच धडा गिरवला. पण या वेळी खडीसोबत पाझर तलाव, नाला बांध, बंडिंगही झालं. आज तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला जो पाझर तलाव आहे, तो त्या काळात तुमच्याच आजी-आजोबांच्या टोपल्यांनी उभा राहिलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

आणि मग आपण त्याला विसरलो. कारण बोअर आला. बटण दाबलं की पाणी. पाझर तलाव हाच त्या बोअरचा बाप आहे, हे कुणी सांगितलं नाही. बाप आटला तर पोरगं किती दिवस टिकेल? शंभर फुटांवरचं पाणी तीनशेवर गेलं, तीनशेचं पाचशेवर.

आता बदललेल्या पावसाकडं येऊ. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ ला एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं त्यात दिसलं. एकूण पाऊस वाढला म्हणून हे झालं नाही. पडायचा तेव्हा धो धो, मधल्या काळात उघडीप. जुलै २०२३ ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत काय झालं, ते घाटाखालच्या लोकांना सांगायला नको.

याचा तलावाशी संबंध काय? सरळ आहे. संथ पाऊस माती भिजवतो, धो धो पाऊस माती वाहून नेतो. ती माती तलावात बसते. गाळाने जागा तर जातेच, शिवाय बारीक चिकण थर तळाला लिंपल्यासारखा बसतो आणि पाणी मुरणं थांबतं. म्हणजे पाऊस बदलला की गाळाचा वेगही वाढला. पूर्वी जो तलाव वीस-पंचवीस वर्षं चालायचा, तो आता तेवढी वाट पाहणार नाही.

हिशोब करा राजेहो. एक हेक्टरच्या तलावात एक मीटर गाळ बसला म्हणजे १ कोटी लिटर पाण्याची जागा गेली. दहा हजार लिटरच्या टँकरच्या १,००० खेपा. मे महिन्यात टँकरची बिलं निघतात, तेव्हा हा आकडा आठवा.

घाटाखाली दुखणं वेगळं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा, मलकापूरकडचा भाग. तिथं पाणी आहे, पण खारं. खोल बोअर घेऊन उपयोग नाही, आणि किडनीच्या आजाराने किती घरं खचलीत हे तिथले लोक सांगतात. वान धरणाच्या १४० गाव योजनेचं पाणी वेळेवर आलं नाही की पुन्हा तेच प्यावं लागतं. तिथं पावसाचं गोड पाणी शेततळ्यात धरणं हाच खरा आधार. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ पासून सुरू झालेल्या पोकरा योजनेत खारपाणपट्ट्याची गावं म्हणूनच वेगळी धरली गेली.

आपण काहीच केलं नाही असंही नाही. महामार्गांच्या कामाला मुरुम-माती लागते, ती तलाव-नाल्यांतून घ्यायची, म्हणजे रस्ताही होतो आणि तलावही खोल होतो. याला देशात 'बुलढाणा पॅटर्न' म्हणतात, नीती आयोगानेही त्याची दखल घेतली. २०१८ ला भारतीय जैन संघटनेने शंभरावर जेसीबी-पोकलेन जिल्ह्यात उतरवले, डिझेल सरकारचं, गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने शेतात नेला. ज्यांनी नेला त्यांना त्या गाळाची किंमत माहीत आहे. गंमत बघा, १९०० ला माणसं रस्त्यासाठी खडी फोडत मेली, आणि आपल्या काळात रस्त्यानेच तलाव मोकळे केले.

पण रस्ता एकदाच होतो. गाळ दरवर्षी येतो. २०१८ ला काढलेला गाळ परत किती भरला, याचं मोजमाप तुमच्या ग्रामपंचायतीत आहे का? लहान तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचनाकडं, त्याहून मोठे मृद व जलसंधारणकडं, धरणं जलसंपदाकडं. तीन दारं, आणि देखभालीचं विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडं बोट दाखवतो.

आपली नजर मात्र मोठ्या कामांवर. पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प नव्वदच्या दशकापासून सुरू आहे. ऑगस्ट २०२४ ला वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. गोसीखुर्दपासून आपल्या नळगंगेपर्यंत ४२६ किलोमीटरचा कालवा, खर्च ८८ हजार कोटींच्या घरात. व्हावा, जरूर व्हावा. पण जिगावचा अनुभव समोर ठेवून सांगतो, त्या पाण्याची वाट पाहण्यात एक अख्खी पिढी जाईल. तोवर गावच्या तलावावरच जगायचं आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारा. आपल्या शिवारात पाझर तलाव, नाला बांध किती आणि कोणत्या खात्याचे? शेवटचा गाळ कधी काढला? पुढचा कधी काढणार आणि पैसा कोणत्या हेडखाली? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी उत्तर पावसाळ्यात वाहून जातं.

लखुजीरावांनी तलाव बांधला, आजोबांनी टोपल्या वाहिल्या. आपल्या वाट्याला फक्त सांभाळायचं काम आलंय. तेवढं तरी करू.

तुमच्या गावच्या तलावाची आजची स्थिती कमेंटमध्ये टाका, तालुक्यासह. यादी करू आणि जिल्हाधिकारी कार्यालयात देऊ.