अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू : बिघाड आणि उपाय
अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू हा अन्य अ‍ॅपमध्ये संकेतस्थळांची पाने दाखवणारा, फोनमधील अंगभूत घटक होय. मार्च २०२१ मध्ये त्याच्यातील दोषामुळे जगभर जीमेलसह अनेक अ‍ॅप उघडताच बंद पडू लागली. गुगलने वेबव्ह्यू व क्रोमच्या सुधारित आवृत्त्या दिल्यावर ती पूर्ववत झाली. हैदराबादेत नामपल्लीलगतच्या आबिड्समधील जगदीश मार्केट मोबाइल दुरुस्तीसाठी प्रसिद्ध आहे; परंतु हा दोष सुट्या भागांचा नसल्याने त्यासाठी फोन उघडावा लागत नाही. अनेक अ‍ॅप एकदम बंद पडू लागल्यास फोन बंद करून पुन्हा सुरू करावा आणि प्ले स्टोअरवरून वेबव्ह्यू व क्रोम अद्ययावत करावे. फॅक्टरी रीसेटने फोनमधील छायाचित्रे व संदेश पुसले जातात. म्हणून तो उपाय अखेरचा, तोही बॅकअप घेतल्यावरच करावा.