पाटीवाचून मनाई नाही

'नो पार्किंग'चा दंड झाला, पण त्या जागी पाटी दिसतच नव्हती, असे कोणी म्हटले की त्याला ठरलेले उत्तर मिळते: कायदा माहीत नव्हता ही सबब होत नाही, पैसे भरा आणि मोकळे व्हा. चौकीत हेच ऐकायला मिळते, कोर्टाच्या आवारातही हेच. एरवी सरकारच्या प्रत्येक निर्णयावर तुटून पडणारे सुशिक्षित लोकही या एका बाबतीत अचानक कायद्याचे कैवारी होतात. माझ्या मते हे उत्तर कायद्याच्याच कसोटीवर टिकत नाही. दया किंवा सवलत मागण्याचा प्रश्न इथे येतच नाही.

आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो दुबळा नाही. पूर्वपक्ष म्हणतो की रस्त्यावर गाडी आणणाऱ्याने तिथले नियम जाणून घेणे ही त्याचीच जबाबदारी आहे. मनाईचा आदेश राजपत्रात छापून आला की तो सर्वांना कळला, असे कायदा गृहीत धरतो. 'मला दिसली नाही' ही सबब एकदा मान्य केली तर उद्या प्रत्येक जण तीच सांगेल आणि एकही दंड वसूल होणार नाही. शिवाय अरुंद रस्त्यावर गाडी लावू नये हे समजायला पाटी कशाला हवी? पुण्या-मुंबईत पायी चालायला जागा उरलेली नाही. तिथे तांत्रिक खुसपटे काढणारा माणूस सार्वजनिक हिताच्या आड येतो. आणि ५०० रुपयांसाठी कोर्टाची पायरी चढणारा शहाणा कसा म्हणायचा?

यातला 'पाटी कशाला हवी' हा मुद्दा अर्धा खरा आहे. तो अर्धा भाग आधीच मान्य करून टाकू. पार्किंगच्या काही मनाया साऱ्या देशाला लागू आहेत आणि त्यांना पाटी लागत नाही. वाहन चालवण्याबाबत केंद्र सरकारने १९८९ साली विनियम केले, २०१७ साली त्यांच्या जागी नवे आले. पदपथावर, चौकाच्या तोंडाशी, वळणावर, पादचारी पट्ट्यांवर, बसथांब्याजवळ, शाळा-रुग्णालयाच्या दारात, दुसऱ्या उभ्या गाडीला चिकटून दुहेरी रांगेत गाडी लावायची नाही, हे त्यांतून ठरलेले आहे. वाहतुकीची पाटी झाकली जाईल अशी गाडी लावणे हाही गुन्हाच. हे ज्याला ठाऊक नाही त्याला परवाना मिळायलाच नको होता. पदपथावर स्कूटर चढवून 'पाटी कुठे आहे?' विचारणाऱ्याची बाजू घेण्यासाठी हा लेख नाही.

मात्र दुसऱ्या प्रकारच्या मनाया निराळ्या आहेत. एखादा रस्ता रुंद आहे, गाडी कडेला सरळ लागली आहे, कोणाची वाट अडलेली नाही, तरीही वाहतूक शाखेच्या एका आदेशाने तिथे मनाई आहे. पुण्यातली पी-१, पी-२ ही सम-विषम तारखांची पद्धत घ्या. आज रस्त्याच्या कोणत्या बाजूचा नंबर आहे, हे साताऱ्याहून आलेल्या माणसाने कोणत्या नागरिकशास्त्राच्या जोरावर ओळखायचे? तारखेचा समविषमपणा रस्त्याच्या रुंदीत दिसत नाही आणि सद्सद्विवेकबुद्धीलाही तो कळत नाही. ही मनाई लोकांपर्यंत पोचते ती केवळ पाटीतून. पूर्वपक्षाची मूळ चूक अशी की तो पहिल्या प्रकाराचे तर्क दुसऱ्या प्रकाराला लावतो.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ ने राज्य सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला विशिष्ट रस्त्यावर वाहनांना मनाई करण्याची मुभा दिली आहे. पण ती देताना कलम दोन गोष्टी मागते: राजपत्रात अधिसूचना, आणि मनाई लागू होताच कलम ११६ प्रमाणे योग्य ठिकाणी पाट्या. पाट्या लावण्याची आज्ञा बंधनकारक शब्दांत आहे. 'जमल्यास लावाव्यात' असे तिथे लिहिलेले नाही. कलम ११५ चे परंतुक तर आणखी बोलके आहे. मनाई एक महिन्याच्या आतली असेल, जसे गणेशोत्सवातले बदल, तर राजपत्रातली अधिसूचना नसली तरी चालते; मात्र परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. म्हणजे एका महिन्याच्या मनाईत संसदेने राजपत्र सोडून दिले, पण जागेवरची माहिती सोडली नाही. दोहोंत कशाला जास्त वजन आहे, ते यातून उघड होते.

यावर एखादा चाणाक्ष वकील म्हणेल की कलम ११५ वाहन 'चालवण्या'च्या मनाईबद्दल आहे, उभे करण्याबद्दल नाही. तसे मानले तर त्याचीच पंचाईत होते. मग पार्किंगची स्थानिक मनाई उरते ती कलम ११६ मधल्या वाहतूक नियमनाच्या पाट्यांवर आणि कलम ११७ खाली ठरवलेल्या वाहनतळांवर. तेव्हा पाटी ही मनाईची सूचना राहत नाही, पाटी हीच मनाई होऊन बसते. कलम ११९ चालकाला जी आज्ञा देते तीदेखील पाटीने दर्शवलेली गोष्ट पाळण्याची आहे. जे दर्शवलेच नाही ते पाळायचे कसे?

कलम ११६ आणखी एक गोष्ट सांगते. वाहतुकीची पाटी झाकणारे किंवा तिच्यासारखे दिसून फसवणारे फलक काढून टाकण्याचा अधिकार त्याच कलमातून देता येतो. झाकलेली पाटी आपले काम करत नाही, हे कायद्याला पटलेले आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्समागे गेलेली, पावसाळ्यात गुलमोहराच्या फांद्यांत बुडालेली किंवा रंग उडून कोरा पत्रा झालेली पाटी 'तिथे आहे' असे म्हणणे म्हणजे खांब मोजणे झाले.

याच कलमाने खासगी पाट्यांचाही निकाल लावला आहे. अधिकृत व्यवस्थेखेरीज रस्त्यावर वाहतुकीची चिन्हे कोणी उभारायची नाहीत. तेव्हा 'नो पार्किंग, टायरची हवा सोडली जाईल' अशी दुकानदारांनी आणि सोसायट्यांनी रंगवलेली धमकी सार्वजनिक रस्त्यापुरती कायद्याने शून्य आहे. फाटक अडवले तर गुन्हा होतो, पण तो सर्वसाधारण नियमामुळे. त्या पाटीमुळे नाही. फाटकापासून दूर, भिंतीच्या कडेला लावलेल्या गाडीला ही पाटी काही करू शकत नाही.

आता पूर्वपक्षाचे सर्वांत भक्कम हत्यार: राजपत्रात आले म्हणजे सर्वांना कळले. यासाठी महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६४ चा निकाल दाखवला जातो. झुरिकहून मनिलाला जाणारा हा प्रवासी ३४ किलो सोने अंगावर घेऊन २८ नोव्हेंबर १९६२ रोजी मुंबईच्या विमानतळावर, विमानातच होता. वाटेतल्या सोन्याचीही नोंद जाहीर करण्याची अट घालणारी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना अवघ्या चार दिवसांपूर्वी राजपत्रात आली होती. ती त्याला ठाऊक असणे शक्यच नव्हते. उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी धरले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे होते.

पण हा निकाल कशावर उभा आहे ते पाहा. मूळ कायद्याने प्रसिद्धीची ठरावीक पद्धत सांगितलेली नसेल, तर रूढ पद्धतीने, म्हणजे राजपत्रातून, झालेली प्रसिद्धी पुरेशी, असा तो युक्तिवाद आहे. आपल्या प्रश्नात मूळ कायद्याने पद्धत सांगितलेली आहे आणि तिच्यात पाटी आहे. जी गोष्ट ज्या रीतीने करायला कायदा सांगतो ती त्याच रीतीने करायची, नाहीतर करायचीच नाही, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने नझीर अहमद खटल्यात १९३६ सालीच घालून दिले आहे. तेव्हा मेयर जॉर्जचा निकाल पूर्वपक्षाच्या हातात टिकत नाही. नीट वाचला तर तो आपल्याच बाजूने बोलतो.

याच्या जोडीला दुसरा निकाल ठेवावा: हरला विरुद्ध राजस्थान राज्य, १९५१. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूचा कायदा ठराव करून संमत केला, पण तो कधी प्रसिद्धच केला नाही. त्या कायद्याखाली झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी सांगितलेले सूत्र असे की, ज्याला कायदा पाळायचा आहे त्याला तो कळण्याची सोय आधी असली पाहिजे. बंद दाराआडच्या ठरावाने कोणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. पुढे १९८७ साली बी. के. श्रीनिवासन खटल्यात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी हेच तत्त्व दुय्यम विधिनियमांना स्पष्टपणे लावले. 'कायद्याचे अज्ञान ही सबब नाही' या वचनाला एक पूर्वअट आहे: कायदा कळण्याजोगा करून ठेवलेला असला पाहिजे. अट पुरी न करता वचन वापरणे म्हणजे अर्धा श्लोक म्हणून दक्षिणा मागणे.

५०० रुपयांसाठी कोर्टात जाणाऱ्याला हसणाऱ्यांनीही हरलाचा खटला आठवावा. त्याला झालेला दंड ५० रुपयांचा होता. तो भरून मोकळा झाला असता, तर कायद्याच्या प्रसिद्धीबद्दलचे हे तत्त्व इतक्या स्वच्छ शब्दांत त्या वेळी लिहिले गेले नसते.

मग 'उद्या प्रत्येक जण हेच म्हणेल' या भीतीचे काय? ही भीती कसोटी चुकीची धरल्यामुळे वाटते. 'मी पाहिली नाही' हे पुरेसे नाही. 'दिसण्याजोगी नव्हती' हे दाखवावे लागेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७ प्रमाणे (जुन्या दंडसंहितेत कलम ७९) वस्तुस्थितीबाबत सद्भावनेने झालेली चूक गुन्हा ठरत नाही, आणि ही सूट इतर कायद्यांखालच्या गुन्ह्यांनाही आहे. पण सद्भावना म्हणजे योग्य ती दक्षता आणि लक्ष, असे संहितेतच म्हटले आहे. मोबाइलवर बोलत गाडी लावून निघून गेलेल्याला हे कलम वाचवणार नाही. खाली उतरून दोन्ही दिशांना पाहणाऱ्या जागरूक माणसालाही पाटी दिसली नसती, असे असेल तरच ते वाचवते. अशी कसोटी लावली तर खोट्या तक्रारी पहिल्या छायाचित्रातच गळून पडतात.

'परदेशात असले लाड चालत नाहीत' असेही ऐकवले जाते. इंग्लंड-वेल्समधले वाहतूक आदेशांच्या कार्यपद्धतीचे १९९६ चे विनियम पाहावेत. आदेशाची पुरेशी माहिती रस्ता वापरणाऱ्यांना मिळेल अशी चिन्हे लावण्याचे कर्तव्य त्यांच्या विनियम १८ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. त्याचबरोबर संडरलंडच्या पार्किंग क्षेत्राबद्दलच्या हेरन खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने २०११ साली सांगितले की पिवळ्या रेषांतल्या किरकोळ उणिवांनी सारी मनाई रद्द होत नाही. वाहनचालकाला पुरेशी माहिती मिळत होती का, एवढेच पाहायचे. ही मर्यादा आपणही मानली पाहिजे. पाटीचा व्यास दोन इंच कमी भरला म्हणून दंड माफ मागणे हा वाह्यातपणा आहे.

खंडन झाले, आता मंडन. दंडाला आव्हान द्यायचे तर ते कसे? पहिली गोष्ट, ई-चलन हा आरोप आहे, निकाल नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०० खाली आपण भरतो ते तडजोड शुल्क, आणि तडजोड लादता येत नाही. चलनाविरुद्धची तक्रार अमान्य झाली तर दंडाधिकाऱ्यासमोर बाजू मांडण्याचा हक्क राहतो. लोकअदालतीची वाट पाहणे इथे चुकीचे: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे तिचे काम तडजोडीचे आहे. तिथे रक्कम कमी होईल, पण मनाई होती की नव्हती हे कोणी ठरवणार नाही. आणि मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १७७ प्रमाणे पहिला दंड ५०० रुपयांपर्यंत असला, तरी पुढच्या वेळी तो १५०० पर्यंत जातो. चुकीचा पहिला दंड निमूट भरणारा पुढच्या तिप्पट दंडाचा पाया स्वतःच घालून ठेवतो.

दुसरी गोष्ट पुराव्याची. नुसते गाडीचे छायाचित्र उपयोगाचे नाही. आपण ज्या दिशेने आलो त्या दिशेने, चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, रस्त्याच्या दोन्ही टोकांपर्यंतची छायाचित्रे हवीत. दंड रात्रीचा असेल तर रात्रीची. झाकलेली पाटी असेल तर झाकण्याच्या कारणासह. ती त्याच दिवशी घ्यावीत, कारण तक्रार पोचल्यावर फ्लेक्स उतरतो आणि फांदीही छाटली जाते. मग माहितीच्या अधिकारात वाहतूक शाखा आणि महापालिका, दोघांकडेही विचारावे: या रस्त्यावरच्या मनाईच्या आदेशाची प्रत, पाटी कोणत्या तारखेला लावली त्याची नोंद, शेवटची देखभाल केव्हा झाली. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले तर तेही लेखी मिळते आणि कोर्टात कामाला येते.

गाडी उचलून नेली असेल तर मोटार वाहन अधिनियमाच्याच कलम १२७ चे शब्द दाखवावेत: पार्किंगला जिथे कायद्याने मनाई आहे, तिथलीच गाडी त्या कारणाने हलवता येते. मनाईच सिद्ध होत नसेल, तर टोइंगचा खर्चही टिकत नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि तो पोलिसांच्याही सोयीचा आहे. आज दंडासोबत सहसा येणारे छायाचित्र गाडीची नंबरप्लेट दाखवते. त्यातून गाडी तिथे होती एवढेच कळते. तिथे मनाई होती हे कळत नाही. कॅमेऱ्याने दंड करायचा त्या पट्ट्याआधी ठळक सूचनाफलक लावण्याचे बंधन केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १६७-ए ने घातलेच आहे. त्याच न्यायाने स्थानिक मनाईच्या प्रत्येक चलनासोबत गाडी आणि पाटी एका चौकटीत दाखवणारे छायाचित्र, ते शक्य नसेल तर जवळच्या पाटीचे वेगळे छायाचित्र, सक्तीचे करावे. पाटी नीट दिसत असेल तर चालकाच्या तोंडाला तिथेच कुलूप बसेल. दिसत नसेल तर चलन फाडण्याआधी हवालदारालाच कळेल की त्या जागी दंडाआधी पाटी लावायची राहिली आहे.