एकदा तपासलेली फाइल

एका मोठ्या सर्व्हरवर शंभर व्हर्च्युअल मशिन्स चालू आहेत. बहुतेकांत तीच विंडोज, त्याच फाइली. ठरलेली वेळ झाली की प्रत्येकातला अँटिव्हायरस आपापली डिस्क वाचायला घेतो. ती डिस्क मात्र खाली सगळ्यांची मिळून एकच असते. बघता बघता कामाचे प्रोग्रॅम रांगेत अडकतात आणि लॉगिन करायलासुद्धा वेळ लागू लागतो. सर्व्हर सांभाळणारी मंडळी याला ‘एव्ही स्टॉर्म’ म्हणतात. स्कॅनच्या वेळा पुढेमागे केल्या की वादळ शमतं, पण तीच फाइल शंभरदा वाचण्याचं वायफळ काम तसंच राहतं. ‘एकदा तपासलं ते पुन्हा कशाला?’ हा प्रश्न या क्षेत्रात वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांना पडला. त्यांच्या उत्तरांचा हा मागोवा.

पहिलं उत्तर व्हायरसच्या आधीचं आहे, आणि तेही ग्रंथसूचीच्या कामातून आलेलं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मार्गारेट कोरासिक ग्रंथसूचीत शब्द शोधणाऱ्या प्रोग्रॅमवर काम करत होत्या. शोधायचे शब्द अनेक, मजकूर प्रचंड. प्रत्येक शब्दासाठी सगळा मजकूर पुन्हा वाचणं परवडणारं नव्हतं. आल्फ्रेड आहो आणि कोरासिक यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत आधी सगळ्या शब्दांचं मिळून एक यंत्र तयार होतं आणि मग मजकूर एकदाच वाचला जातो. त्यांचा सूचीशोध यामुळे पाच ते दहा पट वेगवान झाला. पुढे ‘शब्दां’च्या जागी व्हायरसच्या सिग्नेचर, म्हणजे ओळखखुणा, आल्या. क्लॅमएव्हीसारख्या मुक्त स्कॅनरच्या पोटात हीच पद्धत काम करते. अँटिव्हायरसच्या इतिहासात कंपन्यांची नावं मोठ्या अक्षरांत येतात, कोरासिक यांचं नाव फारसं कोणी घेत नाही. मला तो अन्याय वाटतो.

1986 मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंचा ‘ब्रेन’ हा बूट सेक्टरचा व्हायरस फ्लॉप्यांतून जगभर गेला आणि त्यानंतर स्कॅनरचा धंदा उभा राहिला. पुण्यात नव्वदच्या दशकात कैलाश काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरसने बिघडलेले संगणक येत. धाकटे बंधू संजय यांनी त्यांच्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून ‘क्विक हील’ घडलं. त्या काळचे व्हायरस बहुधा फाइलच्या सुरुवातीला किंवा शेवटाला चिकटत, म्हणून स्कॅनर तेवढाच भाग बघत. वेळ वाचे. पण व्हायरस लिहिणाऱ्यांनाही ते कळत होतं. 1992 मध्ये पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि जीन स्पॅफर्ड यांनी ‘ट्रिपवायर’ लिहिलं. त्यात प्रत्येक फाइलचा ठसा, म्हणजे हॅश, नोंदवून ठेवायचा आणि ठसा बदलला तरच इशारा द्यायचा, अशी योजना होती.

व्हर्च्युअल मशीनचं घराणं निराळं आणि जुनं. आयबीएमच्या केंब्रिजमधल्या केंद्रात 1960च्या दशकात त्याचा पाया पडला आणि 1972 मध्ये व्हीएम/370 बाजारात आलं. एका मेनफ्रेमवर प्रत्येक वापरकर्त्याला ‘स्वतःचं’ मशीन मिळू लागलं. 1987च्या डिसेंबरात याच प्रणालीवर नाताळचं झाड काढून दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम वापरकर्त्याच्या ओळखीच्या सगळ्यांना स्वतःच्या प्रती पाठवत सुटला. युरोपातलं विद्यापीठांचं नेटवर्क आणि आयबीएमचं अंतर्गत नेटवर्क त्याने तुंबवून टाकलं. मशिन्समधल्या भिंती शाबूत होत्या, पण आलेली फाइल माणसं आपल्या हातानेच चालवत होती.

1998 मध्ये व्हीएमवेअर स्थापन झाली आणि हे तंत्र साध्या सर्व्हरवर आलं. 2002 मध्ये त्यांच्याच कार्ल वाल्डस्पर्गर यांनी एक सुंदर युक्ती मांडली. अनेक मशिन्सच्या मेमरीत अगदी सारखी पानं असतात. ती एकदाच ठेवायची आणि कोणी त्यात लिहू लागलं की त्याला वेगळी प्रत द्यायची. सारखेपणा ओळखायला हॅश वापरायचा, पण नुसत्या हॅशवर विसंबायचं नाही; दोन्ही पानं शेवटपर्यंत ताडून बघायची आणि मगच एक करायची. एकदा केलेलं काम सगळ्यांना वाटण्याआधी किती काळजी घ्यावी, याचा याहून चांगला नमुना मला या क्षेत्रात दिसलेला नाही.

पुढच्याच वर्षी टाल गारफिंकेल आणि मेंडेल रोझेनब्लम यांनी पहारेकऱ्याला मशीनच्या बाहेर, म्हणजे सगळी मशिन्स चालवणाऱ्या हायपरवायजरच्या पातळीवर बसवून दाखवलं. आतल्या व्हायरसचा हात तिथे पोचत नाही. अडचण अशी की बाहेरून फक्त बाइट आणि पानं दिसतात; त्यातली फाइल कोणती, चालू प्रोग्रॅम कोणता, हे जुळवून काढावं लागतं. 2008 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या ‘क्लाउडएव्ही’ने दुसरी वाट धरली. संगणकावर छोटा हस्तक आणि तपासणी नेटवर्कवरच्या सेवेत, तीही दहा अँटिव्हायरस एकत्र लावून. एका संगणकासाठी दिलेला निकाल साठवून ठेवायचा आणि तोच हॅश दुसरीकडून आला की लगेच उत्तर द्यायचं.

2010 मध्ये व्हीएमवेअरने आणलेल्या ‘व्हीशील्ड एंडपॉइंट’मध्ये हे धागे एकत्र आले. प्रत्येक मशीनमध्ये लहानसा ड्रायव्हर आणि सर्व्हरमागे एकच सुरक्षा-मशीन, ज्यात स्कॅनर आणि सिग्नेचर. सोसायटीतल्या प्रत्येक घराने आपला वॉचमन ठेवण्याऐवजी फाटकावर एकच ठेवावा, तसं. वादळ खरोखरच ओसरलं. अर्थात, फाटकावरच्याला फाइली दिसतात. फाइल न बनता थेट मेमरीत चालणारा घातक प्रोग्रॅम त्याच्या नजरेतून सुटू शकतो. म्हणून पुढे पुष्कळांनी पुन्हा मशीनमध्ये हलका हस्तक ठेवला. 2022 पासून ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये चालत्या मशीनला हात न लावता त्याच्या डिस्कच्या स्नॅपशॉटची तपासणी करता येते. कामात अडथळा नाही, पण स्नॅपशॉट घेतल्यानंतर काय घडलं ते त्यात नाही.

या सगळ्यात वेग एकाच मार्गाने आलेला आहे: एकाने दिलेल्या निकालावर बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा. निकाल चुकला तर चूकही शंभर मशिन्सना मिळते. 2012 मध्ये उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ या घातक प्रोग्रॅमने एमडी5 या जुन्या हॅशमधल्या दोषाचा वापर करून मायक्रोसॉफ्टचं वाटावं असं बनावट प्रमाणपत्र वापरलं होतं; असा हॅश निकालांच्या नोंदवहीत नको. पानं वाटून घेण्याच्या त्या युक्तीतूनही एका मशीनला दुसऱ्याची गुपितं हेरता येतील, असं संशोधकांनी दाखवलं. त्यानंतर 2014च्या सुमारास व्हीएमवेअरने मशिन्समधली ही वाटणी मुळात बंद ठेवायचा निर्णय घेतला. मेमरी वाचवण्याची इतकी चांगली युक्ती सोडायला धैर्य लागतं, आणि तो निर्णय योग्य होता.

फ्रेड कोहेन यांनी ऐंशीच्या दशकातच सिद्ध केलं होतं की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम बनूच शकत नाही. म्हणजे ‘स्वच्छ’ हा निकाल आजच्या सिग्नेचरपुरता. जुन्या स्नॅपशॉटवर परत गेलेलं मशीन तर कालचा व्हायरस आणि कालचीच सिग्नेचर घेऊन जागं होतं.

तुमच्याकडे अशी व्यवस्था असेल, तर ती सांभाळणाऱ्यांना तीन गोष्टी विचारा. निकाल कोणत्या हॅशवर साठवता? नव्या सिग्नेचर आल्या की जुने ‘स्वच्छ’ निकाल रद्द होतात का? आणि ज्या मूळ प्रतिमेवरून सगळी मशिन्स काढता, ती शेवटची कधी तपासली? स्कॅन किती मिनिटांत संपतो, हा प्रश्न या तिन्हींची उत्तरं मिळाल्यावर विचारा.