अर्ध्या मिलिमीटरचं भोक : पेट्रोलच्या वाफेची गोष्ट

पेट्रोलच्या वाफेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत आणि आपल्या नागपुरात दोन्हींचे पत्ते आहेत. सेमिनरी हिल्सला ‘पेसो’चं मुख्यालय आहे. १८९८ साली सुरू झालेल्या स्फोटक खात्याचा हा आजचा अवतार. १९३४च्या पेट्रोलियम कायद्याखालचे नियम हीच संस्था सांभाळते. तिच्या लेखी वाफ म्हणजे आग. दुसरा पत्ता १९५८ साली स्थापन झालेल्या ‘नीरी’चा. तिथे हवेचा विचार होतो. त्या लेखी वाफ म्हणजे प्रदूषण.

पहिली दृष्टी जुनी, दुसरी तशी अलीकडची. १९५०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या धुरकटाचा अभ्यास करताना हागेन-स्मिट यांनी दाखवलं, की वाहनांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारी हायड्रोकार्बनची वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. म्हणजे इंजिन बंद असलं तरी उन्हात उभी गाडी हवा बिघडवू शकते. मे महिन्यात ४५ अंशांत गाड्या उभ्या करणाऱ्या नागपूरकरांना हे वेगळं समजवायला नको.

कॅलिफोर्नियात १९७०च्या आणि सगळ्या अमेरिकेत १९७१च्या मॉडेलपासून टाकीची वाफ अडवणं सक्तीचं झालं. उपाय साधा होता. वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठवायची आणि इंजिन चालू झालं की एका व्हॉल्व्हमधून ओढून जाळायची. पण नळीला चीर गेली, झाकणाचं रबर कडक झालं, तर? गाडी नेहमीसारखीच धावते. चालकाला पत्ताही लागत नाही.

म्हणून १९९६ पासून अमेरिकेत गाडीनंच आपली गळती शोधायची, असा नियम आला. आधी १ मिलिमीटरचं भोक, मग २०००च्या सुमारास अर्ध्या मिलिमीटरचं. संगणक सगळे व्हॉल्व्ह बंद करतो, टाकीत किंचित निर्वात किंवा दाब निर्माण करतो आणि तो किती टिकतो ते बघतो. टिकला नाही की दिवा लागतो. पी०४४२ म्हणजे लहान गळती, पी०४५६ म्हणजे अगदी बारीक. पुढचं काम मेकॅनिकचं. तो अगदी कमी दाबानं नळ्यांत धूर सोडतो आणि धूर कुठून निघतो ते पाहतो. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, त्यातलाच हा प्रकार.

आपण मानकं घेतली ती युरोपच्या वळणाची. नवं मॉडेल बंद खोलीत ठेवून वाफ मोजतात. चारचाकीला मर्यादा एका चाचणीत २ ग्रॅम. गाडीतल्या संगणकाकडून मात्र युरोपच्या नियमानं एवढंच मागितलं, की त्या व्हॉल्व्हचं विजेचं सर्किट शाबूत आहे का ते बघ. भोक शोध, असं सांगितलंच नाही. आपली पीयूसी तर सायलेन्सरच्या तोंडाशीच थांबते.

याचा अर्थ काय? नवी गाडी परीक्षा पास होते, पण दहा उन्हाळे खाल्लेल्या रबराची परीक्षा कुणीच घेत नाही. गाडीपाशी पेट्रोलचा वास येतो, सर्टिफिकेट मात्र स्वच्छ असतं. तोवर शोध घ्यायचा तो आपल्याच नाकानं. आधी झाकणाचं रबर बघा, मग नळ्या आणि कॅनिस्टर. आणि वास येत असेल तर काडी पेटवून बघू नका. सेमिनरी हिल्सची जुनी दृष्टी आजही तितकीच खरी आहे.