गंगू, चित्रा, कमळजा: वऱ्हाडातल्या मुलींची नावे

नदी, झाड, फूल, पाखरू आणि नक्षत्र यांच्यावरून मुलीचे नाव ठेवण्याची रीत वऱ्हाडात जुनी आहे, आणि ती शास्त्राची आज्ञा मोडून वाढली आहे. कोणत्या मुलीशी लग्न करू नये याची एक यादी मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी किंवा साप यांचे नाव धारण करणारी मुलगी त्या यादीत येते. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचे नाव उच्चारायला सोपे, मनाला रुचणारे, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे, असे सांगितले आहे. दीर्घ स्वराचा नियम मराठी घरांनी इमानाने पाळला. नदी-नक्षत्रांची बंदी मात्र कोणी मनावर घेतली नाही. गंगा, यमुना, गोदावरी, तुळसा, मैना, रोहिणी, तारा ही नावे पिढ्यान्पिढ्या पाळण्यात पडत राहिली, आणि त्या मुलींची लग्नेही होत राहिली. नाणेघाटच्या शिलालेखामुळे ओळखली जाणारी सातवाहन राणी नागनिका हिच्या नावात तर नागच आहे.

वऱ्हाडातल्या बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आहेत, उत्तरेला सातपुडा, आणि मध्ये पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून पूर्वेकडे जाते. नळगंगा, विश्वगंगा आणि ज्ञानगंगा उत्तरेकडे वाहत पूर्णेला मिळतात. उन्हाळ्यात पात्र उघडे पडणाऱ्या या नद्यांनाही लोकांनी गंगाच म्हटले. त्यामुळे इथल्या घरात मुलीचे नाव गंगा ठेवले गेले तेव्हा डोळ्यांसमोर काशीची गंगाच असेल असे नाही. गावाशेजारून जाणारी, पोळ्याला बैल धुवायची, दिवाळीपर्यंत टिकली तर बरी, अशी नदीही त्या नावात होती. रोजच्या बोलण्यात तिची गंगू झाली, गोदावरीची गोदू, यमुनेची यमी. चंद्रभागा हे नाव पंढरीच्या वारीने घरोघर पोहोचवले.

नक्षत्रांची गोष्ट अधिक खोल आहे. पंचांगाच्या हिशेबात जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचे आद्याक्षर ठरते. रोहिणीच्या चार चरणांना ओ, वा, वी, वू ही अक्षरे आहेत, तर आर्द्रेच्या वाट्याला कु, घ, ङ, छ. ङ वरून नाव सुरू होत नाही, तेव्हा तिथे जवळचे दुसरे अक्षर घ्यावे लागते. पण शेतकऱ्याला नक्षत्र कळते ते पावसावरून. मेच्या अखेरीस रोहिणी, जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असे करत ऑक्टोबरात चित्रा आणि स्वाती. पेरणी कधी, निंदण कधी, कापूस फुटताना पाऊस आला तर नुकसान किती, हे सगळे या नावांनीच बोलले जाते. त्यातली रोहिणी, पूर्वा, उत्तरा, चित्रा, स्वाती ही मुलींची नावे झाली. मृगाचे नाव पुल्लिंगी म्हणून मागे राहिले. मूळ नक्षत्राला लोक भ्याले आणि ज्येष्ठेशी अक्काबाईचा संबंध जोडला गेला, म्हणून ती दोन्ही टळली. कोरडवाहू मुलखात वर्षा, मेघा, श्रावणी या नावांना जे वजन आहे ते बारमाही पाण्याच्या गावात येणार नाही.

फुलांच्या नावांवर व्याकरणाचे राज्य दिसते. जाई, जुई, शेवंती, अबोली, सायली, केतकी ही मराठीत स्त्रीलिंगी, म्हणून सरळ मुलीला मिळाली. चाफ्याची चंपा करावी लागली, गुलाबाला बाई जोडून गुलाबबाई. पळस आणि बहावा उन्हाळ्यात सगळा डोंगर रंगवून टाकतात, तरी पुल्लिंगी असल्याने पाळण्यापर्यंत पोहोचले नाहीत. मुसलमान घरांतही हीच ओढ वेगळ्या भाषेत दिसते. यास्मिन म्हणजे जाईच्या जातीचे फूल, शबनम म्हणजे दव, आणि रेहाना हे नाव तुळशीच्या कुळातल्या सुवासिक रोपावरून आलेले. एकाच गल्लीतल्या तुळसा आणि रेहाना नावाने सख्ख्या बहिणी ठरतात. 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध घरांनी जुनी, हिणवणारी नावे टाकून बौद्ध वाङ्मयातली नावे घेतली. त्यांतही विशाखा हे नक्षत्र आहे आणि आम्रपालीच्या नावात आंब्याचे झाड.

निसर्गातले प्रत्येक नाव लाडाचे नव्हते. मुले जगत नसत तेव्हा सटवाईची आणि दृष्टीची भीती म्हणून दगडाबाई, धोंडाबाई अशी नावे ठेवली जात. दगडाला कोण नजर लावणार, हा त्यामागचा विचार. याहून कठोर नाव म्हणजे नकोशी. सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा 280 हून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलांमागे 855 मुली होत्या. मुलीच्या बारशाची हौस आणि हा आकडा एकाच जिल्ह्यातले आहेत, हे नावांचा इतिहास लिहिताना विसरता येत नाही.

बारसे बहुधा बाराव्या दिवशी होते. बायका पाळण्याभोवती जमतात, आत्या बाळाच्या कानात नाव सांगून कुर्र करते, घुगऱ्या वाटल्या जातात. नाव देण्याचा हा मान आत्याचा, म्हणजे जिचे स्वतःचे नाव बहुधा सासरी बदललेले असे तिचा. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि माहेरचे नाव तिथेच थांबे. कल्याणच्या यमुनेची लग्नात आनंदी झाली. त्याच पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी. कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे झाली. 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाईंचीही आनंदीबाई झाली. महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातल्या तीन मोठ्या स्त्रिया, आणि तिघींच्याही जन्मनावातली नदी लग्नात आटली.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे नाव मात्र टिकले. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक विचारांचे होते. नवरा घरजावई आल्याने ताराबाईंचे माहेर सुटले नाही. 1882 मध्ये पुण्यात छापलेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकावर वडिलांचेच आडनाव आहे. स्त्रियांवर दोष लादणाऱ्या शास्त्रांना आणि पुरुषांना त्या पुस्तकात त्यांनी सडेतोड जाब विचारला. मनूच्या यादीप्रमाणे तारा हे लग्नाला वर्ज्य असलेल्या जातीचे नाव. ते जाब विचारणाऱ्या बाईचेच असावे, हा योगायोग खरा, पण मोठा बोलका आहे.

विसाव्या शतकात नाव सुचवणारे बदलले. पंचांग आणि आजी यांच्या जोडीला कादंबरी, रंगभूमी आणि सिनेमा आले. नलिनी, कुमुदिनी, मालती, कुसुम, उषा, संध्या, ज्योत्स्ना ही संस्कृत वळणाची नावे शिकलेल्या घरांतून तालुक्याच्या गावांत पोहोचली. मंगेशकरांची हेमा लता झाली ती वडिलांच्या नाटकमंडळीने रंगवलेल्या ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून. पुढे किती लता त्या एकीमुळे झाल्या असतील! शेवंता, साळू, मैना ही बोलीतली नावे याच काळात गावंढळ वाटू लागली. हे नुकसानच म्हणावे लागेल, कारण त्या नावांमागचे फूल आणि पाखरू घरातल्या प्रत्येकाला ओळखता येत होते. आज अवनी, मृण्मयी, पर्णिका, निर्झरा अशी वेगळी नावे शोधली जातात. काही वेळा कोशात न सापडणारा शब्द संस्कृत म्हणून आणि त्याचा अर्थ ‘दवबिंदू’ म्हणून सांगितला जातो. जिल्ह्यातले अस्सल शब्द मात्र फारसे कोणी उचलत नाही. पूर्णा हे नाव लहान आणि भरीव आहे. लोणारच्या खाऱ्या सरोवराच्या काठी देऊळ असलेल्या देवीचे नाव कमळजा, म्हणजे कमळातून जन्मलेली. बुलढाण्याच्या मुलीला याहून वेगळे आणि याहून जवळचे नाव सापडणे अवघड.

पाळण्यातले नाव आता सरकारी कागदावरही चढते. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते. 1969 च्या कायद्याप्रमाणे ती नावाशिवायही करता येते. नाव वर्षभरात विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत भरता येते. शाळेचा दाखला, बँकेचे खाते, सातबारा या सगळ्यांवर तेच नाव चढत गेल्याने लग्नातले नाव बदलणे हळूहळू मागे पडले. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्रात लागू झाला आहे. वर्षा, स्वाती किंवा गंगा या आईचे नाव आता तिच्या मुलांच्या पूर्ण नावात लिहिले जाते.